पाहणारा कोण? : एका विमुक्त चित्रपटकाराची वाटचाल

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजाराबद्दल तिची ख्याती आहेच. परंतु एरवी रानोमाळ विखुरलेल्या भटक्या जमाती वर्षातून एकदा एकत्र येऊन आपले न्यायनिवाडे करीत, त्या जागाही माळेगावसारख्या यात्रांच्याच होत. या यात्रांत दोरीवर चालणारा डोंबारी असे, नंदीबैलवाला असे, अंगावर आसूड ओढणारा कडकलक्ष्मीवाला असे. ही सर्व मंडळी पाहिली जाणारी होती. पाहणारा बहुधा गावचा, शेतीवाडी आणि घरदार असलेला माणूस होता. पुढे यात्रेत तंबूतला सिनेमा आला, तरी हा संबंध पालटला नाही. पडद्यावर 'कारवाँ' (१९७१) मधील नाचगाणी करणारा बंजारा तांडा आला. 'शोले' (१९७५) मध्ये रात्रीच्या शेकोटीभोवती गाणारी भटक्यांची टोळी आली. खऱ्या तांड्यातील माणूस तिकीट काढून तंबूत बसला, तेव्हा त्याला आपल्याच नावाने दुसऱ्या कोणाचे तरी स्वप्न पाहावे लागले.

हा संबंध उलटा करणारे, म्हणजे पाहिले जाणाऱ्यांच्या बाजूने कॅमेऱ्यामागे उभे राहणारे चित्रपटकार जगात फार थोडे आहेत. युरोपातील रोमा समाजात टोनी गॅटलिफ यांचे नाव या संदर्भात प्रथम घेतले जाते. महाराष्ट्रात ते स्थान वडार समाजातून आलेल्या नागराज मंजुळे यांचे आहे. मंजुळे यांच्या कारकीर्दीचे विवेचन हा प्रस्तुत लेखाचा विषय असून, गॅटलिफ यांचा परामर्श तुलनेपुरता घेतला आहे. मात्र ही तुलना कोणत्या पायावर उभी आहे ते आधी स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कारण या विषयात उत्साहाने पुष्कळ काही बोलले जाते आणि त्यातील सारेच टिकणारे नसते.

रोमा लोकांचे मूळ भारतात आहे हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यांच्या भाषेत एक, दोन, तीन यांना येक, दुई, त्रीन म्हणतात. पाण्याला पानी आणि माणसाला मनुश म्हणतात. 'रोम' हा शब्द संस्कृतातील 'डोम्ब' या शब्दापासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्या नात्याने आपल्याकडील 'डोंबारी' हा शब्द त्याचा दूरचा भाऊबंद ठरतो. शब्द भाऊबंद असले म्हणजे माणसेही एकाच कुळातील असतात असे मात्र नव्हे. मराठवाड्यातील तांड्यांवर बंजारा आणि रोमा हे एकच, असे अभिमानाने सांगितले जाते. बंजाऱ्यांची गोरबोली राजस्थानी बोलींच्या जवळची आहे. रोमानी भाषेचे वळण वेगळे असून ती बोलणारे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वीच भारताबाहेर पडले असावेत. रोमानीत नपुंसकलिंग उरलेले नाही, यावरून काही भाषाशास्त्रज्ञांनी या स्थलांतराचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीने ते लिंग आजवर जपून ठेवले आहे, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यास सहज आठवावी. तात्पर्य, रक्ताच्या नात्यावर ही तुलना उभी करता येणार नाही.

ती उभी राहते कागदाच्या नात्यावर. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची सोय झाली आणि नोंद झालेल्या जमातींच्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यानंतर एकाच वर्षाने, १९१२ मध्ये, फ्रान्सने भटक्यांसाठी असाच एक कायदा केला. त्या कायद्याने प्रत्येक भटक्यास एक पुस्तिका जवळ बाळगणे सक्तीचे केले. तीत त्याच्या शरीराची मापे, बोटांचे ठसे आणि समोरून व बाजूने घेतलेली छायाचित्रे असत. गावात शिरताना आणि गाव सोडताना ती दाखवून शिक्का घ्यावा लागे. आपल्याकडील 'हजेरी' याहून निराळी नव्हती. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसविलेल्या वसाहतीतील माणसांना ती ठरल्या वेळी द्यावी लागे. भारतातील कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' झाल्या. फ्रान्समध्ये १९१२ ची पुस्तिका १९६९ मध्ये गेली, पण तिच्या जागी आलेले प्रवासपत्र २०१७ मध्ये संपुष्टात आले. फ्रान्समधील अनेक भटक्या कुटुंबांच्या बाबतीत अगदी शब्दशः खरे आहे की त्यांच्यावर पहिला कॅमेरा रोखला तो पोलिसांनी. ज्यांचे चित्र प्रथम दप्तरात काढले गेले, त्यांच्यातील एखादा जेव्हा चित्र काढू लागतो, तेव्हा त्याच्या कलेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

गॅटलिफ यांचा जन्म १९४८ मध्ये अल्जिअर्स येथे झाला. वडील कबाईल, आई रोमा. ते मुलगेपणीच फ्रान्सला आले आणि काही काळ सुधारगृहातही राहिले. १९८३ मधील 'ले प्रँस' या चित्रपटात त्यांनी शहराच्या कडेला राहणाऱ्या रोमा कुटुंबाची होरपळ दाखविली. १९९३ मधील 'लाचो द्रोम' हा त्यांचा सर्वांत निराळा चित्रपट होय. शीर्षकाचा अर्थ 'वाट सुखाची होवो' असा. निवेदन नाही, कथानक नाही. राजस्थानच्या वाळवंटात सुरू झालेले गाणे इजिप्त, तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी असे करीत स्पेनपर्यंत पोहोचते. गंमत अशी की, शीर्षकातील 'द्रोम' हा वाटेचा शब्द मुळात ग्रीक आहे. वाटेचे नाव या लोकांनी वाटेतच उचलले. २००४ मध्ये कान महोत्सवात 'एग्झिल' साठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २००९ मधील 'कोर्कोरो' मध्ये दुसऱ्या महायुद्धातील फ्रान्स आहे. भटकणे हाच गुन्हा ठरल्याने छावणीत डांबलेल्या एका रोमा कुटुंबाला गावचा महापौर आपले जुने घर नाममात्र किमतीला विकतो. घराचा कागद हातात आला की ते भटके उरत नाहीत, म्हणून सुटतात. आणि सुटल्यावर त्या घरात त्यांचा जीव रमत नाही. कागद माणसाला वाचवितो आणि कागदच त्याला त्याच्यापासून तोडतो, हा पेच युरोपीय चित्रपटात इतक्या साधेपणाने क्वचितच मांडला गेला असेल.

आता इकडे वळू. मराठीत विमुक्तांचे आणि भटक्यांचे स्वतःचे शब्द प्रथम आले ते पुस्तकातून. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरजवळच्या धनेगावात जन्मलेले, लातूरच्या सूतगिरणीत कामगार असलेले लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ चे. त्यास १९८८ चा अकादमी पुरस्कार मिळाला. आत्माराम राठोड यांचे 'तांडा', दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ' ही त्याच पंक्तीतील पुस्तके होत. या लेखनाने मराठी वाचकाला जो धक्का दिला तो सर्वपरिचित आहे. परंतु पुस्तक लिहिण्यास वही आणि पेन पुरते. रात्रीच्या कंदिलातही ते लिहिता येते. चित्रपटास पैसा लागतो, यंत्रे लागतात, माणसांचा ताफा लागतो आणि चित्रपटगृहाचे दार उघडणारा कोणी तरी लागतो. मराठी चित्रपटाच्या आरंभी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडविला आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला, हे खरे. पण ते दिवस संपून गेले होते. आत्मकथन आणि चित्रपट यांच्यामध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर पडले, याचे मुख्य कारण हे आहे.

नागराज मंजुळे यांचा जन्म १९७७ चा. गाव जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. वडार हा दगडमातीचे काम करणारा समाज. गाडीवडार दगड वाहणारे, मातीवडार विहिरी, तळी आणि कालवे खोदणारे, तर जाती-पाटे घडवून त्यांना टाकी लावणारे निराळे. महाराष्ट्रातील धरणे, रस्ते आणि रेल्वेचे रूळ यांखालची खडी ज्यांनी फोडली त्यांत हा समाज मोठा आहे. त्याची बोली तेलुगूच्या घरातील आहे. मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठी साहित्यात एम. ए. केले, आणि त्यानंतर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा कवितासंग्रह. म्हणजे ते कवितेकडून चित्रपटाकडे आले. मुंबईच्या एखाद्या चित्रसंस्थेत उमेदवारी करून आले नाहीत. ही गोष्ट त्यांच्या चित्रणपद्धतीत शेवटपर्यंत दिसते. प्रसंग सांगून संपविण्याऐवजी ते एखाद्या वस्तूवर, भिंतीवर वा चेहऱ्यावर थांबतात आणि अर्थ प्रेक्षकावर सोपवितात.

अहमदनगरच्या अभ्यासक्रमातच 'पिस्तुल्या' हा लघुपट तयार झाला. शाळेत जाऊ इच्छिणारा एक पोरगा आणि त्याला चोरीकडे ओढणारे घरचे दारिद्र्य, एवढाच त्याचा विषय. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. ज्या समाजांवर कायद्याने चोरीचा शिक्का मारला होता त्यांच्यातील चोरीविषयी बोलणे हे काम अवघड असते. मूळ शिक्क्यालाच दुजोरा दिल्यासारखे होण्याचा धोका त्यात असतो. 'उचल्या' ने तो धोका पत्करला होता. 'पिस्तुल्या' नेही पत्करला. लघुपटातील मुलगा सूरज पवार पुढेही मंजुळे यांच्या चित्रपटांत दिसत राहिला. माणसे एकदा घेऊन टाकून द्यायची नाहीत, ही सवय तेव्हापासूनची.

'फँड्री' ऑक्टोबर २०१३ मध्ये मुंबई आणि लंडन येथील महोत्सवांत दाखविला गेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत आला. मंजुळे यांच्या कारकीर्दीचा निर्णायक टप्पा हाच, आणि प्रस्तुत विवेचनाचा मुख्य आधारही हाच. शीर्षकापासूनच प्रारंभ करावा. 'फँड्री' हा कैकाडी बोलीतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. तमिळमध्ये डुकराला पन्रि (उच्चारी जवळजवळ 'पंड्रि') म्हणतात, तेलुगूत पंदि, कानडीत हंदि. देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला हे नाते सांगावे लागणार नाही. पण पुण्यामुंबईच्या भिंतींवर जाहिराती लागल्या तेव्हा बहुसंख्य मराठी वाचकांना त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. आपल्याच राज्यातील, आपल्याच गावकुसाबाहेरील माणसाची भाषा आपल्याला येत नाही, याची जाणीव प्रेक्षकास तिकीट काढण्यापूर्वीच व्हावी ही योजना लहान नव्हे.

कथा अशी. गावात राहणारे एकच कैकाडी कुटुंब. बाप कचरू माने. मुलगा जब्या शाळेत जातो, हलगी वाजवितो आणि वर्गातल्या शालू नावाच्या मुलीवर मनातल्या मनात प्रेम करतो. काळी चिमणी मारून तिची राख शालूच्या अंगावर टाकली की ती वश होईल, या समजुतीने तो गलोल घेऊन रानात फिरतो. हे काळ्या चिमणीचे वेड त्याच्या मनात भरविणारा चंक्या हा सायकल दुरुस्त करणारा इसम. ती भूमिका स्वतः मंजुळे यांनी केली आहे. कचरूच्या भूमिकेत कवी-नट किशोर कदम आहेत. जब्या झालेला सोमनाथ अवघडे हा मात्र करमाळा तालुक्यातील शाळकरी पोर. त्याला ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकाराचा, तर चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला.

गावची जत्रा येते आणि मोकाट डुकरांचा विटाळ पालखीला नको म्हणून ती पकडण्याचे काम कचरूच्या घरावर येते. शाळेजवळच, वर्गमित्रांच्या आणि शालूच्या डोळ्यांदेखत, सारे कुटुंब डुकरामागे धावते. जब्या लपू पाहतो. गावचे लोक बांधावर, भिंतीवर बसून हसतात, मोबाइलने छायाचित्रे घेतात. यात्रेतील जुनाच देखावा हा: भटका खेळ करतो आणि गाव पाहतो. फरक इतकाच की, डुक्कर पकडणाऱ्यांना आपण खेळ करीत आहोत हे ठाऊक नाही, आणि चित्रपटगृहातील प्रेक्षक पहिल्यांदा गावाच्या नव्हे तर जब्याच्या बाजूने तो खेळ पाहतो. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या ताठ उभा राहतो. त्याला पाहून बापालाही थांबावे लागते. हातातोंडाशी आलेले डुक्कर निसटते. हा प्रसंग विनोदी आहे, आणि प्रेक्षकगृहात हशा पिकतोही. पण हसता हसता माणूस अडखळतो. राष्ट्राचा मान राखणारा मुलगा कोण, आणि त्या मुलाचा मान कोण राखतो, हे विचारण्यास एक शब्दही खर्ची पडलेला नाही. पुढे दांडीला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगे महाराज अशा थोरांची चित्रे रंगविलेली आहेत. येथे संवाद नाही. कवितेच्या अभ्यासकाने हा एक प्रसंग स्वतंत्रपणे अभ्यासावा इतका तो आशयघन आहे.

अखेरीस छळणाऱ्यांवर जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. या शेवटाचा अर्थ 'समाजावर फेकलेला दगड' असा लावण्याची प्रथा पडली आहे. तो चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. दगड समाजावर येतो त्यापूर्वी तो पाहणाऱ्यावर येतो. बांधावर बसून हसणाऱ्या गावकऱ्यांच्या रांगेत, दीड-पावणेदोन तास अंधारात बसून पाहणारा प्रेक्षकही आहे, असे तो दगड सांगतो. पोलिसी दप्तरातील छायाचित्रापासून तंबूतल्या नाचगाण्यापर्यंत ज्या नजरेने भटक्याला पाहिले, ती नजरच येथे आरोपी आहे. दगड फोडणाऱ्या समाजातून आलेल्या कलावंताने हा दगड फेकावा याला प्रतीक म्हणून फार ताणू नये. पण तो योग विसरताही येत नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. मंजुळे वडार, चित्रपट कैकाड्यांचा. मग हे तरी 'आतून' पाहणे कसे? आक्षेप पोकळ नाही. विमुक्त हा शब्द शासनाच्या यादीतून आला. त्या यादीतील चौदा जमातींची भाषा एक नाही, धंदा एक नाही, परस्परांत सोयरीक नाही. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, सीमा ओलांडून तेलंगणात गेला की अनुसूचित जमात आणि कर्नाटकात गेला की अनुसूचित जात. नांदेड-लातूरच्या सीमेवरील तांड्यांना हा अनुभव नित्याचा आहे. तेव्हा 'आतून' म्हणजे एका जातीच्या आतून असे मंजुळे यांनी मानलेले नाही. सर्वांना ज्या एका बाहेरच्या नजरेने घडविले, तिच्या विरुद्ध बाजूला उभे राहणे एवढाच त्यांच्या दृष्टीने 'आतला' असण्याचा अर्थ असावा. गुजरातेत याहून वेगळा मार्ग दिसतो. अहमदाबादच्या छारानगरात १९९८ मध्ये, पश्चिम बंगालमध्ये पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेल्या बुधन सबर याच्या नावाने बुधन थिएटर सुरू झाले. त्यातून पुढे आलेले दक्षिण बजरंगे छारा यांनी आपल्याच वस्तीतील माणसांसह नाटके आणि माहितीपट केले. तेथे कला वस्तीची आहे. मंजुळे यांच्याकडे ती एका कर्त्याची आहे. पहिलीचा पल्ला मर्यादित राहतो, दुसरीचा लांब जातो; वस्तीला काय परत मिळते या कसोटीवर मात्र पहिली वरचढ ठरेल.

स्वतंत्र चित्रपटकार म्हणजे कोण, हा प्रश्न 'सैराट' ने उपस्थित केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या युवा विभागात तो दाखविला गेला आणि २९ एप्रिल रोजी महाराष्ट्रात लागला. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागल्याला तेव्हा जेमतेम अडीच आठवडे झाले होते. त्या उन्हाळ्यातही चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. झी स्टुडिओजचे भांडवल, मंजुळे यांची स्वतःची 'आटपाट' ही संस्था, अजय-अतुल यांचे लॉस एंजलिस येथे ध्वनिमुद्रित केलेले वाद्यवृंदाचे संगीत, आणि शंभर कोटींहून अधिक गल्ला जमविणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून झालेली नोंद. या साऱ्यात 'स्वतंत्र' काय उरले, असे विचारले गेले. उत्तर पैशात शोधले तर नकारार्थी येईल. परंतु अकलूजची शाळकरी मुलगी रिंकू राजगुरू आणि करमाळ्याचा आकाश ठोसर यांना घेऊन, उजनीच्या पाण्याच्या आसपासच्या बोलीत, आपल्याच तालुक्यात चित्रपट करण्याचा हट्ट मोठ्या भांडवलापुढेही टिकला, ही गोष्ट लहान नाही. पूर्वार्धात प्रेक्षकाला हवे ते सारे आहे: गाणी, विहिरीतील उड्या, ट्रॅक्टर आणि बुलेट चालविणारी आर्ची. उत्तरार्धात संगीत जवळजवळ हरपते, हैदराबादेतील झोपडपट्टी येते, डोशाची गाडी येते, नवरा-बायकोतील संशय आणि मारहाणही येते. शेवटच्या प्रसंगात ध्वनीच काढून घेतला आहे. रक्ताच्या पावलांनी बाहेर जाणारे लहान मूल तेवढे दिसते. तालावर नाचलेला प्रेक्षक निःशब्द बाहेर पडावा, यासाठीच पूर्वार्धाचा खर्च केला होता असे वाटते.

या स्वातंत्र्याचे मोल अनुकरणांवरून कळते. 'सैराट' ची कन्नड आणि पंजाबी रूपे २०१७ मध्ये निघाली, आणि २०१८ मध्ये 'धडक' हे हिंदी रूप. हिंदीत कथा उदयपूरला गेली आणि जात हा शब्द जवळपास गिळला गेला. उरली ती श्रीमंत-गरिबाची प्रेमकथा. कथानक तेच, निर्मितीचा पैसा अधिक, तरीही मूळ वस्तू हरवली. यावरून चित्रपटकाराचे स्वातंत्र्य भांडवलाच्या आकारात नसून काय गाळायचे नाही हे ठरविण्यात असते, हा निष्कर्ष काढता येतो.

'पावसाचा निबंध' या लघुपटासाठी मंजुळे यांना ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागातील दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. शाळेने पावसावर निबंध लिहून आणण्यास सांगितलेले आहे आणि मुलाच्या घरी पाऊस छपरातून आत आला आहे. ज्यांनी मराठी शाळेत 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिला आहे त्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

मार्च २०२२ मधील 'झुंड' हा हिंदी चित्रपट नागपूरचे विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर आधारित आहे. त्यात अमिताभ बच्चन असल्याने चर्चा बहुतेक त्यांच्याभोवती फिरली. चित्रपट लांबला आहे, उत्तरार्धात त्याची वीण सैलावते, हे मान्य करावे लागते. पण त्यातील एक उपकथा या लेखाच्या दृष्टीने मोलाची आहे. संघात निवड झालेल्या मोनिका नावाच्या आदिवासी मुलीला परदेशी जाण्यासाठी पारपत्र हवे, पारपत्रासाठी ओळखीचा पुरावा हवा, आणि पुरावा कोठेच नाही. बाप आणि मुलगी दारोदार फिरतात. गॅटलिफ यांच्या 'कोर्कोरो' मध्ये एका कागदाने भटक्याला सोडविले. येथे कागद नसल्याने मुलगी अडली आहे. १९११ साली ज्या राज्ययंत्रणेने काही जमातींना सक्तीने आपल्या वहीत नोंदविले, तिच्याच वारसदार कचेऱ्या आता वहीत नाव नाही म्हणून माणसाला परत पाठवितात. भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर जातीचा दाखला काढू पाहणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही उपकथा कल्पित वाटणार नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र गॅटलिफ आणि मंजुळे यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि मराठी विभागाने याकडे विशेष लक्ष द्यावे. गॅटलिफ यांनी रोमानी बोलणारी माणसे घेऊन रोमानीत संवाद आणि गाणी चित्रित केली. फ्रेंच प्रेक्षकाने उपशीर्षके वाचून ती समजून घ्यावीत, अशी अपेक्षा ठेवली. मंजुळे यांनी करमाळ्याकडील मराठीला पडद्यावर प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे मोठेच कार्य. परंतु वडारी बोली त्यांच्या कोणत्याही पूर्ण लांबीच्या चित्रपटाची भाषा झालेली नाही. 'सैराट' मध्ये आर्ची आणि पार्श्या हैदराबादला पोहोचतात तेव्हा चहूकडे तेलुगू आहे आणि त्यांना ती कळत नाही. त्या अनोळखी शहरात त्यांच्या एकटेपणाची खूण म्हणून ती भाषा वापरली आहे. वडाराच्या पालात संध्याकाळी चूल पेटते तेव्हा ऐकू येणारी भाषा तिचीच बहीण आहे.